तू पत्रा दोनदा वाजवायचीस

शालन,

आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पिकअप ट्रक आपल्या राहायच्या ट्रेलरला जोडला. जोडता जोडता भांडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पवरून घरी निघायचं होतं. सकाळची घाई नको, दुपारीच जोडून ठेवू, असं तूच म्हणालीस. मी ट्रक मागे घेत होतो. तू ट्रेलरच्या नाकापाशी उभी. डोक्याला रुमाल, गळ्यात शिवणाची टेप, स्टेथोस्कोप अडकवावा तशी.

"येऊ द्या, येऊ द्या... डावीकडे... अहो, डावीकडे!"

"कोणाच्या डावीकडे?"

"इतकी वर्षं झाली, अजून विचारता! तुमच्या!"

मग तू पत्र्यावर एकदा हात वाजवलास. मी ब्रेक दाबला. ट्रकच्या मागचा बॉल बरोबर ट्रेलरच्या नाकाखाली आला होता. तू उभी असलीस की तो बरोबरच यायचा. एकटा असतो तर चार वेळा पुढे-मागे केलं असतं आणि शिव्या घातल्या असत्या.

नाक बॉलवर बसलं. दोन्ही बाजूंचे जाड लोखंडी दांडे मी आत घातले. आता त्या दांड्यांच्या टोकाच्या साखळ्या वर ओढायच्या आणि ट्रेलरच्या चौकटीला अडकवायच्या, एवढंच राहिलं होतं. साखळी कितव्या कडीवर अडकवायची, सगळा खेळ त्याचा. कडी दांड्याच्या जितकी जवळची, तितकी साखळी घट्ट आणि ट्रकचं नाक खाली. मी कायम पाचव्या कडीवर अडकवतो. त्या दिवशी तू ट्रकच्या पुढच्या चाकाशी वाकलीस, टेप लावलीस आणि म्हणालीस, "आज चौथी घ्या."

"का?"

"पुढून बोटभर वर आलाय ट्रक. घरी मोजला होता त्यापेक्षा."

"ही जागाच चढाची आहे. सपाटीला लागला की बसेल खाली."

"माप म्हणजे माप."

"शालन, मी आयुष्यभर गाड्या चालवल्यात."

"तुमच्या गाड्यांना शेपूट नव्हतं."

मी हातातला साखळी ओढायचा पाइप खाली टाकला. म्हटलं, सकाळी सपाट रस्त्यावर घेऊन बघू. तू म्हणालीस, "सकाळी तुम्ही विसराल आणि पाचवीच लावाल." म्हटलं, नाही विसरत. "बघू हं," म्हणालीस. "चहा ठेवते." आणि आत गेलीस. साखळ्या तशाच लोंबत राहिल्या.

गॅस पेटल्याचा आवाज आला. मग भांडं पडलं. एकदाच, जोरात. चिडलीस की तू भांडी आपटतेस, ते काय आजचं आहे का. मी बाहेरूनच ओरडलो, "आपट! अजून आपट!" असं म्हटलं की तू मुद्दाम अजून एक आपटतेस, आणि मग तुझं हसणं ऐकू येतं. मी वाट बघितली.

दुसरं आपटलं नाहीस.

वर्षावहिनी म्हणाल्या, इथल्या मराठी मंडळाच्या अंकात शालनताईंवर चार शब्द लिहून द्या. जन्म कुठला, शिक्षण काय, कोणत्या हॉस्पिटलात किती वर्षं, ते त्यांनीच लिहावं. त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. माझं शिक्षण सातवी. मीनल म्हणाली, बाबा, तुम्ही बोला, मी टाइप करते. नको म्हटलं. पोरीसमोर हे तोंडातून निघणार नाही. म्हणून हाताने लिहितोय. तू असतीस तर ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं असतंस. आता वहिनी सुधारतील.

मला अजून रडू आलेलं नाही. येईल म्हणतात. लोक येतात, सोफ्यावर बसतात, माझ्याकडे बघतात. मी त्यांना पाणी देतो. फ्रिज डब्यांनी भरलाय. कोणी म्हणतं, या दिवसांत जेवणाची चव लागत नाही. मला लागते. परवा एका आमटीत मीठ कमी होतं, ते कळलं. वरून घेतलं आणि जेवलो. हात चालतात, पाय चालतात. आत मात्र काही हलत नाही. हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीसारखं झालंय. गाडी चांगली आहे, इंजिन चालू आहे, पण जागची हलत नाही.

तर मला जे लिहिता येतं ते लिहितो.

लोकांना वाटतं ट्रेलर माझ्या हौसेचा. ट्रकवाला माणूस, त्याला म्हातारपणी गाडी लागणारच. त्यांना सांगायला पाहिजे की हट्ट तुझा होता. तू नर्सिंगमधून रिटायर झालीस तेव्हा सगळ्यांनी विचारलं, आता कुठे जाणार, क्रूझला की युरोपला? तू म्हणालीस, "मला अशा ठिकाणी झोपायचंय जिथे कोणी बेल वाजवणार नाही." मी म्हटलं, आयुष्य ट्रकमध्ये झोपण्यात गेलं माझं, आता चांगलं घर आहे, गादी आहे, तर पुन्हा गाडीत झोपू? तू म्हणालीस, "तेव्हा तुम्ही एकटे झोपत होता. आता मी आहे." गेलो आणि ट्रेलर बघून आलो.

पहिल्या वेळी आपण तो नुसता बॉलवर ठेवून निघालो होतो. दांडे नाहीत, साखळ्या नाहीत. मला वाटलं ओढायचंच तर आहे, त्यात काय. पुढच्या पेटीत तू तांदूळ, पीठ, डाळी, दोन कुकर, लोखंडी तवा, पाण्याचे कॅन असं सगळं भरलं होतंस. नाकावर सगळं वजन. ट्रक मागून बसला आणि पुढून वर उठला. मला ते गाडीत बसून दिसलं नाही. संध्याकाळ झाली, दिवे लावले, आणि समोरून येणारी प्रत्येक गाडी आपल्याला दिवे दाखवायला लागली. एक, दोन, सगळ्याच. तू म्हणालीस, "इकडची माणसं किती प्रेमळ आहेत हो. नवीन ट्रेलर बघून सगळे नमस्कार करतायत." आणि तू हात हलवायला लागलीस. मी पण एक-दोनदा हॉर्न दिला. एका भल्यामोठ्या ट्रकच्या ड्रायव्हरने भोंगा वाजवला तेव्हा तर तू खूश होऊन दोन्ही हात वर केलेस.

मग पेट्रोल भरायला थांबलो, तेव्हा तिथला एक माणूस म्हणाला, तुमचे दिवे लोकांच्या डोळ्यांत जातायत. ट्रकचं नाक आभाळाकडे आहे. पुढची चाकं जमिनीला टेकली आहेत हेच नशीब. स्टेअरिंग हलकं लागत नाही का?

मी म्हटलं, लागतं. मला वाटलं नवीन ट्रक आहे, मऊ असेल.

तू बाथरूमला म्हणून गेलीस आणि बराच वेळ आली नाहीस. येऊन बसलीस तेव्हा तुझे डोळे हसून हसून ओले झाले होते. "शिव्या घालत होते हो ते आपल्याला. आणि मी नमस्कार!"

पुढच्याच आठवड्यात ती हिच, म्हणजे दांड्या-साखळ्यांची जोडणी, आणली. तिचं नाव लांबलचक आहे, वेट डिस्ट्रिब्युशन हिच. दुकानातला मुलगा इंग्रजीत समजावत होता, मागचं वजन पुढे जातं, पुढच्या चाकावर येतं, ट्रेलरच्या चाकांवर येतं. मला अर्धं कळलं. मी विचारलं, वजन कमी होतं का? तो म्हणाला, नाही. मग मी म्हटलं, वजन तेवढंच तर मग दांडे घालून काय उपयोग?

तू मला बाजूला घेतलंस आणि म्हणालीस, "पेशंटला एका नर्सने उचललं की तिची पाठ जाते. म्हणून त्याच्याखाली चादर घालायची, चार टोकं चौघींनी धरायची. पेशंट तेवढाच जड असतो. पण कोणाची पाठ जात नाही. हे दांडे म्हणजे चादर."

मला एका झटक्यात कळलं. त्या दिवसापासून आपल्याकडे त्या हिचचं नाव 'वाटणी' पडलं. "वाटणी लावली का?" "वाटणी काढा आधी, मग वळवा." एकदा फोनवर तू वहिनींना म्हणालीस, थांबा, आमची वाटणी चालू आहे. त्यांना वाटलं घरात काही तरी झालं. संध्याकाळी मिस्टरांना घेऊन समजूत घालायला आल्या होत्या, येताना श्रीखंड घेऊन.

तेव्हापासून टेप तुझ्या गळ्यात आली. ट्रेलर लावायच्या आधी पुढच्या चाकाच्या वरचं अंतर मोजायचं, लावल्यावर पुन्हा मोजायचं. बी.पी. घेतल्यासारखं गंभीर तोंड करून. मी अंदाजाने सांगायचो, तू मापाने. पुष्कळदा दोन्ही एकच निघायचं. पण तू मोजल्याशिवाय मानायची नाहीस, आणि मी तू मोजलंस म्हणून मानायचो नाही.

पत्रा वाजवायचं मात्र माझं. ते मी तिकडून, गावाकडून आणलं. ड्रायव्हर व्हायच्या आधी मी ट्रकवर क्लीनर होतो, तेव्हा पाठीमागे उभा राहून पत्रा वाजवायचो. एकदा वाजला की थांब, दोनदा वाजला की चल. ड्रायव्हर मागे बघत नसे. वाजलं की निघायचा. इथे लोक त्यासाठी वॉकीटॉकी घेतात, नवरा-बायको दोघं हातात डबी धरून ओरडत असतात. तुला मी पहिल्याच दिवशी शिकवलं. तू म्हणालीस, "म्हणजे मी तुमची क्लीनर?" म्हटलं, हो. "पगार?" म्हटलं, जेवण-खाण.

मग तो आपला नेमच झाला. निघताना मी गाडीत बसायचो. तू मागच्या कोपऱ्याला उभी राहून दिवे बघायचीस. डावा लावा. उजवा लावा. ब्रेक दाबा. मग एकदा गोल फिरून यायचीस, दार बंद आहे, पायरी आत आहे, साखळी अडकलीय. मग पत्रा दोनदा. मग चालत येऊन शेजारी बसायचीस, पट्टा लावायचीस आणि म्हणायचीस, "चला, क्लीनर आला." दर वेळी. मला कंटाळा यायचा त्या वाक्याचा.

कंटाळा यायचा असं मी लिहिलं ते खरं आहे. खोटं कशाला लिहू?

अजून एक. मंडळात लोक मला 'सिस्टरांचे मिस्टर' म्हणायचे. डॉक्टर, इंजिनिअर, सगळी शिकलेली माणसं. कोणी नवीन आला की विचारायचा, काका, तुम्ही कुठल्या कॉलेजचे? मी काही बोलायच्या आत तू सांगायचीस, "हे ट्रकच्या कॉलेजचे. प्रॅक्टिकलला पहिले." सगळे हसायचे, मी पण हसायचो. आणि मग तू सांगायचीस, सगळ्या बायका नवऱ्याच्या मागून अमेरिकेत आल्या, मी मात्र नवरा मागे अडकवून आणला. ट्रेलर ओढायची सवय मला तेव्हापासून आहे, म्हणायचीस.

यात हसण्यासारखं आहे आणि खरंही आहे. तू नर्स म्हणून आधी आलीस. मी आणि मीनल मागून. पहिली वर्षं तू रात्रपाळी करायचीस, सकाळी येऊन पोरीचा डबा करायचीस आणि दुपारी मला गाडीच्या लायसन्सच्या पाट्या वाचून दाखवायचीस, कारण मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पुढे मला गोदामात माल चढवायचं काम लागलं. तोवर सगळं वजन तुझ्या एकटीच्या पाठीवर होतं. मला ते तेव्हाही दिसत होतं. बोललो नाही कधी. आपल्यात असं कोण बोलतं? नवऱ्याने बायकोला म्हणायचं, तुझी पाठ दुखत असेल? तेल चोळून द्यायचो, तेवढंच. ते बोलणंच होतं असं मी धरून चाललो. तू पण तसंच धरलं असशील. विचारायला पाहिजे होतं.

वजनावरून आपण सगळ्यात जास्त भांडलो. मी म्हणायचो, तांदूळ मागे चाकांच्या वर ठेव, पुढच्या पेटीत नको. गोदामात इतकी वर्षं माल चढवलाय मी, माल कुठे ठेवायचा ते मला कळतं. तू म्हणायचीस, चाकांवर माझं अंथरूण आहे, मी तांदळावर झोपू? मी म्हणायचो, मग कुकर तरी एक कमी कर. तू म्हणायचीस, एकात भात, एकात वरण, तुम्हालाच गरम लागतं. मग तुझं शेवटचं ठरलेलं, "वजन जिथे आहे तिथे राहू दे. साखळी एक कडी घट्ट करा." आणि माझं ठरलेलं, "जास्त घट्ट केली तर मागची चाकं हलकी होतील, पावसात घसरेल." हे भांडण कोणाच्याच बाजूने संपत नव्हतं, कारण दोघांचं अर्धं अर्धं बरोबर होतं.

रस्त्यात तू पण चालवायचीस. चालवता चालवता म्हणायचीस, "स्टेअरिंग हलकं लागतंय." मी चालवायला घेतल्यावर मला काही लागायचं नाही. तू म्हणायचीस, "तुमच्या हातांना कळत नाही. तुमचे हात ओझ्याचे."

त्या दिवसाकडे परत येतो. ते लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी आत गेलो तेव्हा तू खाली होतीस. चहाचं भांडं तुझ्याशेजारी, पावडर सगळीकडे. गॅस मी बंद केला असणार. आठवत नाही. शेजारच्या जागेवर तो म्हातारा होता ना, डेल, कुत्रा घेऊन आलेला. तू त्याला थालीपीठ दिलं होतंस आणि त्याने पॅनकेक समजून वर गोड पाक ओतून खाल्लं होतं, आणि तू तोंड फिरवून हसत होतीस, तो डेल. मी त्याला हाक मारली. त्याने अँब्युलन्स बोलावली. मी तुझ्याबरोबर अँब्युलन्समध्ये बसलो. ट्रक ट्रेलरला अडकलेला होता, तो तिथेच राहिला.

हॉस्पिटल लहान होतं. डॉक्टर हळू बोलला, मला कळावं म्हणून. हृदय. तू खाली पडलीस तेव्हाच झालं असेल, म्हणाला. मी मान हलवली. मग तुला त्या स्ट्रेचरवरून पलंगावर घ्यायला नर्सेस आल्या. चौघी. त्यांनी तुझ्याखालची चादर धरली, एकेकीने एकेक टोक. एकीने हळू आकडे मोजले आणि सगळ्यांनी एकदम उचललं. तुला धक्का लागला नाही. कोणाची पाठ वाकली नाही. मी बघत होतो. माझ्या डोक्यात एवढंच आलं, की शालनने सांगितलं तसंच करतात.

मीनलचा जर्सी सिटीहून फोन आला. ती रडत होती. मी तिला म्हटलं, मी सकाळी ट्रेलर घेऊन निघतो.

"बाबा, नो. प्लीज. तुम्ही एकटे नाही चालवायचं. लीव्ह इट देअर. मी कोणाला तरी पाठवते."

"कोणाला?"

"आय डोन्ट नो, कोणी तरी. पैसे दिले की घेऊन येतात, बाबा. किंवा तिथेच विकून टाकू. इट्स जस्ट अ ट्रेलर."

"आत आईचा स्वयंपाक आहे."

मग ती म्हणाली, "पण मागे बघायला कोण आहे तुम्हाला?"

तुला घरी न्यायची गाडी वेगळी, माणसं वेगळी. ती त्यांनी ठरवली, सही मी केली. माझ्या हातात दुसरं काही राहिलंच नव्हतं. तू लावून ठेवलेलं घर जसंच्या तसं, कोणा परक्याचा हात न लागता, दारात आणून उभं करायचं. एवढं एक करता येत होतं. ते जमलं नसतं तर मी काय केलं असतं, माहीत नाही.

आणलं. इथे घरी, प्लेनोला आल्यावर सगळे म्हणाले, काका, कसे आलात हो एकटे, अशा अवस्थेत? अवस्था काही नव्हती. रस्ता होता, चालवत आलो. मध्ये एकदा पेट्रोल भरलं, एकदा सँडविच खाल्लं. अर्धं ठेवलं तुझ्यासाठी, सवयीने, आणि मग ते पण खाल्लं. आणि तुला विचारायचं असेल की स्टेअरिंग कसं होतं, चौथ्या कडीवर. तर शालन, मला कळलं नाही. घरापर्यंत हातात चाक होतं, पण हलकं होतं का जड होतं, काही कळलं नाही. तू म्हणायचीस तेच झालं. माझ्या हातांना कळत नाही. म्हणून कोणाचं बरोबर ते अजून ठरलेलं नाही. आता ठरणार पण नाही.

आता त्या सकाळचं.

डेल हॉस्पिटलमध्ये मला न्यायला आला. कुत्रा मागच्या सीटवर होता. वाटेत एकदा म्हणाला, माझी पण गेली. कॅम्पवरची बाई म्हणाली, हवं तितके दिवस राहा, जागेची काळजी करू नका. मी म्हटलं, आमचं आज निघायचं ठरलंय.

आत गेलो. चहाची पावडर पुसून काढली. भांडं धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं. तू मटकी भिजवून फडक्यात बांधून नळाला अडकवली होतीस. प्रवासात तू ती सिंकमध्ये ठेवतेस, वाटी उपडी घालून, म्हणजे हलत नाही. तशी ठेवली. मग तू करतेस तसं सगळी कपाटं एकेक करून दाबून बघितली, टक वाजेपर्यंत. तुझी चप्पल दाराशी होती. ती आत घेतली. दार लावलं. पायरी आत ढकलली.

मग साखळ्या. जॅकने नाक थोडं वर उचललं, म्हणजे दांड्यांवर ताण येत नाही. पाइप घेतला. आणि हात सरळ पाचव्या कडीवर गेला. मी काही ठरवलं नव्हतं, हात आपोआप गेला. तू म्हणाली होतीस, विसराल.

थांबलो. ट्रकच्या पुढच्या चाकाकडे गेलो. तू चहाला जाताना टाकलेली टेप सीटवर होती. मोजून बघावं असं आलं मनात. मग नाही मोजलं. मोजलं असतं आणि माझं बरोबर निघालं असतं तर कोणाला सांगणार होतो? तुझं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. ती जागा चढाची होतीच. पण सकाळी बघू म्हटलं होतं, आणि ती सकाळ झाली होती.

चौथी लावली. जोर लागला. पाइपवर वाकताना तोंड बाजूला ठेवलं, पाइप उसळेल म्हणून तू ओरडतेस ना. दुसऱ्या बाजूची पण चौथी लावली. जॅक खाली घेतला. ट्रक मागून उचलला, पुढून बसला.

डेल म्हणाला, दिवे बघतो. मी आत बसून डावा लावला, उजवा लावला, ब्रेक दाबला. तो मागच्या कोपऱ्याला उभा होता, बाजूला कुत्रा. आरशात त्याने अंगठा वर केला. सगळं ठीक.

मी ब्रेकवरचा पाय काढला नाही.

त्याने हात हलवला, चल म्हणून. मला दिसत होतं. रस्ता मोकळा होता, दिवे ठीक होते, वाटणी लागली होती. पाय निघत नव्हता. मी वाट बघत होतो. कशाची ते कळायला मला थोडा वेळ लागला.

गिअर पार्कवर टाकला आणि खाली उतरलो. ट्रेलरच्या बाजूने चालत मागे गेलो, तू उभी राहायचीस तिथे. डेल सरकला आणि मला जागा दिली. तिथून पुढे बघितलं. तिथून ट्रकच्या आरशात ड्रायव्हरची सीट दिसते. हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी आरशात तुला बघायचो, आणि तिथे उभी राहून तू मला बघत होतीस. त्या सकाळी सीट रिकामी दिसली.

डेलने कुत्र्याची दोरी जवळ ओढून धरली.

मी पत्रा दोनदा वाजवला. मग चालत पुढे गेलो, गाडीत बसलो, पट्टा लावला आणि निघालो.